बायॉलॉजी विकत मिळत नाही

मागच्या जूनमध्ये एक आई आपल्या मुलीला घेऊन रहिमतपूरच्या माझ्या दवाखान्यात आली. मुलगी अठरा वर्षांची. तक्रारी नेहमीच्याच: छातीत धडधडते, जिना चढला की दम लागतो, रात्री झोप लागत नाही, सकाळी काही खावेसे वाटत नाही. दोन वर्षे ती मोठ्या शहरातल्या एका क्लासच्या होस्टेलवर राहून आली होती. नीटचा निकाल नुकताच लागला होता आणि मार्क कमी पडले होते.

डोळ्यांच्या आतली बाजू पाहिली, नखे पाहिली. पांढरी फटक. मी सहज विचारले, "हिमोग्लोबिन किती असायला हवं गं?"

तिने क्षणाचाही वेळ न लावता सांगितले, "निरोगी माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तात बारा ते सोळा ग्रॅम." पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे.

"आणि तुझं किती आहे?"

ती गप्प. दोन वर्षांत कुणी तपासलेच नव्हते. संध्याकाळी रिपोर्ट आला, ८.९.

मी तिला म्हटले, "आता तूच सांग, तुझी छाती का धडधडते?" तिला हृदयाचे चार कप्पे तोंडपाठ होते. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त बाहेर पडते, हेही पाठ होते. पण हिमोग्लोबिन कमी म्हणजे तेवढ्याच रक्तातून कमी ऑक्सिजन जाणार, आणि तो तोटा भरून काढायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागणार, ही साधी साखळी तिला जोडता येईना. शेवटी म्हणाली, "सर, असा प्रश्न आम्हाला नव्हता."

आई मध्येच म्हणाली, "डॉक्टर, अजून एक वरीस तिथंच ठेवा म्हणत्यात. फी वाढलीया. आल्याचं पैसं आल्यात, ते भरू का नको, तुम्हीच सांगा."

मी त्या दिवशी "नको" एवढेच म्हणालो, कारण बाहेर पेशंट थांबले होते. त्या "नको"मागची कारणे आज सविस्तर लिहितो आहे. हा प्रश्न त्या एका माउलीचा नाही. दहावीचा निकाल लागला की दर आठवड्याला कुणी ना कुणी हेच विचारायला येते.

आधी माझे म्हणणे स्पष्ट सांगतो

अकरावी-बारावीची बायॉलॉजी हा विषय आपल्या गावातला, सर्वसाधारण बुद्धीचा, मन लावून बसणारा मुलगा किंवा मुलगी घरी राहून, स्वतः वाचून शिकू शकते. त्यासाठी लाखो रुपये भरून गाव सोडायची गरज नाही. याच्याही पुढे जाऊन सांगतो: बायॉलॉजी शेवटी स्वतःच शिकावी लागते. क्लासमध्ये बसलात तरी आणि घरी बसलात तरी. जो भाग स्वतः करायचा असतो तो कितीही फी भरून दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

फिजिक्स आणि केमिस्ट्रीबद्दल मी असे म्हणत नाही. त्याचे पुढे सांगतो. पण नीटच्या ७२० मार्कांपैकी ३६० मार्क बायॉलॉजीचे असतात, १८० प्रश्नांपैकी ९०. म्हणजे परीक्षेचा निम्मा भाग असा आहे की जिथे पालकांची भीती खर्चिक आहे आणि अनाठायी आहे.

"किती जणांपैकी?" हा प्रश्न विचारा

एसटी स्टँडवर, चौकात, पेपरच्या पहिल्या पानावर यशस्वी मुलांचे फोटो लागतात. पंचवीस चेहरे, खाली मार्क. पालक ते पाहतात आणि ठरवतात.

समजा, मी दवाखान्याबाहेर बोर्ड लावला, "माझ्या औषधाने पंचवीस जण बरे झाले." तुम्ही लगेच विचाराल, डॉक्टर, औषध घेतले किती जणांनी? पंचवीस की अडीच हजार? आणि औषध न घेता किती बरे झाले? वैद्यकशास्त्रात हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कोणतेही औषध मान्य होत नाही. मग मुलाच्या दोन वर्षांचा सौदा करताना हेच प्रश्न विचारायला आपण का लाजतो?

२०२४ साली देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले नीटला बसली. त्या वेळी एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर, त्याही सरकारी आणि खाजगी मिळून. म्हणजे एका जागेमागे वीसहून जास्त मुले. सगळीच्या सगळी मुले उत्तम क्लासला गेली तरी जागा तेवढ्याच राहतात. फोटोतल्या पंचवीस मुलांपैकी कितीतरी मुले अशी असतात की ती कुठेही बसून अभ्यास करून तेवढेच मार्क मिळवती. ज्यांचा फोटो लागला नाही ती मुले माझ्याकडे येतात. मी फोटोच्या मागची बाजू रोज पाहतो.

पाठांतर आणि शिकणे

"बायॉलॉजी म्हणजे नुसते पाठांतर," हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की मुलेही तसेच धरून चालतात. एनसीईआरटीची ओळ न ओळ पाठ करा, रंगीत पेनांनी रेघा मारा, पाच वेळा वाचा. पुस्तक बंद केले की वाटते, झाले.

हे "झाले" वाटणे फसवे असते. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला तोच उतारा एकदाच वाचायला दिला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने पुन्हा परीक्षा घेतली, तर चार वेळा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

आता क्लासमधला दिवस डोळ्यासमोर आणा. सकाळपासून तीन-तीन तास सर बोलतात, मुले ऐकतात, उतरवून घेतात. ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते, कारण शिकवणारा हुशार असतो. पण डोक्यातून बाहेर काढण्याचा सराव कुणी केला? सरांनी. मुलाने नाही. मग रात्री अकराला होस्टेलवर येऊन तो स्वतःचा अभ्यास सुरू करतो आणि झोपेवर कुऱ्हाड चालवतो.

एक उदाहरण देतो. २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातून पचन आणि शोषण हे प्रकरण वगळले आहे. आपल्या बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात मानवी पोषणावर प्रकरण आहे, पण "नीटला नाही" म्हणून मुले ते उघडतही नाहीत. उद्या तुम्ही पोटदुखी घेऊन ज्या डॉक्टरकडे जाणार आहात, त्याला सतराव्या वर्षी कुणीतरी सांगितलेले असेल की आतड्यांचा धडा सोड, त्याला मार्क नाहीत. एमबीबीएसला तो हे शिकेलच. पण "मार्क नाहीत ते जाणून घ्यायचे नाही" ही सवय तिथेही त्याच्याबरोबर जाते. पेशंट म्हणून तुम्हाला असा डॉक्टर हवा आहे का?

बत्तीस प्रकरणे

भीतीवर हिशेब हा चांगला उतारा आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या बायॉलॉजीत आता १९ प्रकरणे आहेत, बारावीच्या पुस्तकात १३. एकूण ३२. दोन्ही पुस्तके एनसीईआरटीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, छापील घेतली तरी स्वस्त आहेत.

अकरावीला प्रवेश उशिरा झाला तरी तिथपासून बारावीनंतरच्या मे महिन्यातल्या नीटपर्यंत ऐंशीहून अधिक आठवडे हातात असतात. एका प्रकरणाला दोन आठवडे दिले तरी ६४ आठवड्यांत ३२ प्रकरणे होतात. उरलेले आठवडे उजळणीला आणि जुने पेपर सोडवायला. रोज दीड ते दोन तास बायॉलॉजीला द्यावे लागतील, रोज म्हणजे रोज. हे कष्टाचे आहे, पण अशक्य नाही. आणि ज्याला नीट द्यायची नाही, फार्मसीसाठी सीईटी द्यायची आहे, त्यालाही हाच अभ्यास उपयोगी पडतो. तिथे तर बायॉलॉजीचे चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत. नीटमध्ये मात्र बरोबर उत्तराला चार मिळतात आणि चुकीला एक जातो, हे लक्षात ठेवून पेपर सोडवायची सवय करावी लागते.

इंग्रजीचा बाऊ

"डॉक्टर, आमचा मुलगा मराठी माध्यमाचा. त्याला झेपेल का?" हा प्रश्न रास्त आहे. दहावीपर्यंत ज्याला प्रकाशसंश्लेषण म्हणायचे ते अकरावीत एकदम फोटोसिंथेसिस होते, आणि मुलाला वाटते की आपल्याला विषयच येत नाही. खरे तर विषय येत असतो, फक्त नावे बदललेली असतात.

यात एक विसंगती आहे आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. २०१७ पासून नीटचा पेपर मराठीतही मिळतो. पण आपल्या बोर्डाचे अकरावी-बारावीचे बायॉलॉजीचे पुस्तक इंग्रजीत आणि एनसीईआरटीचेही मराठीत नाही. म्हणजे परीक्षा मराठीत देता येते, अभ्यास मात्र इंग्रजीत करायचा! त्यामुळे बहुतेक मुलांनी पेपर इंग्रजीतच द्यावा असे मी सुचवतो. मराठी निवडायची असेल तर ते फॉर्म भरतानाच ठरवावे लागते. तेव्हा दोन्ही भाषांतला मजकूर छापलेला असतो, आणि भाषांतरात काही शंका आली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात.

पण समजून घ्यायला मराठी वापरायला कुणाची बंदी आहे? दहावीचे बालभारतीचे "विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २" हे पुस्तक रद्दीत घालू नका. आनुवंशिकता, पेशीविभाजन, जीवनप्रक्रिया, जैवतंत्रज्ञान यांचा पाया त्यात सोप्या मराठीत आहे. सुट्टीत ते पुन्हा वाचा, मग तेच इंग्रजीत वाचा. आणि एक गोष्ट अभिमानाने सांगतो. मराठी विश्वकोश आपल्याच जिल्ह्यात, वाईला तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. आज तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मूत्रपिंड, संप्रेरके, गुणसूत्र, काय हवे ते शोधा. आमच्या पोराला मराठीत काही मिळत नाही, ही तक्रार निदान सातारा जिल्ह्याने तरी करू नये.

एक वही करा. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, मध्ये मराठी शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ स्वतःच्या वाक्यात. मायटोसिस, सूत्री विभाजन, "जखम भरताना कातडीच्या पेशी अशा वाढतात." तीन महिन्यांत भीती बरीच कमी होते.

रहिमतपूर हीच प्रयोगशाळा

मोठ्या शहरात बायॉलॉजी चांगली शिकता येते असे मानणाऱ्यांना माझे आमंत्रण आहे. एकदा आपल्याच शिवारात फिरून या.

आले जमिनीखाली वाढते, म्हणून आपण त्याला मूळ समजतो. पुस्तक म्हणते ते खोड आहे. का? एक गड्डा हातात घ्या. पेरे दिसतील, पेऱ्यांवर पातळ खवल्यांसारखी पाने दिसतील, डोळे दिसतील. मुळाला हे काही नसते. लागणीच्या वेळी वडील बेण्याचा प्रत्येक तुकडा डोळा बघून तोडतात, तेच पुस्तकातले शाकीय प्रजनन. एका बेण्यापासून झालेली सगळी रोपे जनुकांच्या दृष्टीने सारखी असतात. म्हणून कंदकुजीला एक झाड बळी पडते तेव्हा शेजारच्यांकडेही वेगळी प्रतिकारशक्ती नसते आणि पाणी साचलेला वाफाच्या वाफा जातो. लैंगिक प्रजननाने विविधता का येते, ती का हवी, हा पानभर मजकूर तुमच्या मुलाला बांधावर उभे राहून दोन मिनिटांत कळेल.

आपल्या कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचे फूल उघडा. एक मोठी पाकळी, बाजूला दोन, खाली एकमेकींना जोडलेल्या दोन. पुंकेसर दहा, त्यांतले नऊ एकत्र आणि एक सुटा. हेच सूत्र मुले रात्रभर घोकतात. रोप उपटून मुळावरच्या गाठी पाहा, एक कापा. आतून गुलाबी दिसली तर तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडण्याच्या कामावर आहेत. गुलाबी रंग ज्या पदार्थाचा आहे तो आपल्या हिमोग्लोबिनचाच लांबचा नातेवाईक.

घरी मटण खात असाल तर दुकानातून बोकडाचे हृदय मागून आणा आणि उभे कापा. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा किती जाड आहे ते बोटाने कळते. डावा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पोहोचवतो, उजव्याला फक्त फुफ्फुसांपर्यंत जायचे असते. हे एकदा पाहिलेले मूल परीक्षेत चुकत नाही.

घरी अभ्यास कसा करायचा

सरळ, करता येण्यासारख्या गोष्टी सांगतो.

१. एका बैठकीत चार-पाच पानेच वाचा. वाचताना स्वतःला "का?" विचारा. पुस्तक बंद करा. आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. मग पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्त करा. ही लाल शाई म्हणजे तुमचा खरा अभ्यास.

२. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने न बघता पुन्हा आठवा. दर वेळी कमी वेळ लागेल.

३. आकृत्या बघून काढू नका. हृदय, नेफ्रॉन, फुलाचा उभा छेद, पेशी, या आठवून काढा आणि नावे द्या.

४. रोज रात्री घरातल्या एकाला पाच मिनिटे मराठीत समजावून सांगा. आजीला ब्लडप्रेशरची गोळी का लागते, काकांच्या लघवीत साखर का येते. आजीला कळले तर तुम्हाला कळले.

५. प्रकरण संपले की मागच्या वर्षांचे प्रश्न घड्याळ लावून सोडवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: माहीत नव्हते, गोंधळ झाला, की घाईत वाचले. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. निदान केल्याशिवाय औषध देऊ नये, तसे चूक ओळखल्याशिवाय पुन्हा सगळे वाचत बसू नये.

६. काही गोष्टी पाठच कराव्या लागतात. प्राण्यांच्या संघांची उदाहरणे, वनस्पतींची शास्त्रीय नावे, संप्रेरकांच्या याद्या. त्या शेवटी करा. समजलेल्या खुंटीवर त्या आपोआप अडकतात.

झोप विकून मार्क मिळत नाहीत

आता डॉक्टर म्हणून बोलतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के बसवण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेत चालते. रात्री बाराला झोपवून पहाटे चारला उठवणारे पालक मुलाला शिस्त लावत नसतात, त्याचा दिवसभराचा अभ्यास पुसत असतात. रात्री नऊनंतर चहा-कॉफी नको. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात.

परीक्षेच्या आठवड्यात माझ्याकडे हमखास मागणी येते, "डॉक्टर, पोरात ताकद न्हाई, एक सलाईन लावा." पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे एका केळ्याएवढी ऊर्जा. केळे खा, सुई टोचून घेऊ नका. बुद्धी वाढवणाऱ्या सिरपांवरही पैसे घालवू नका. आणि परीक्षेत हात थरथरू नयेत म्हणून मित्राने दिलेली गोळी तर अजिबात घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्या दम्याच्या रुग्णाला धोकादायक ठरतात.

मुलींचे हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा मुलीला थकवा येतो, लक्ष लागत नाही आणि घरचे म्हणतात की आळशी आहे. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. पाळीत जास्त रक्त जात असेल तर लपवू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. मूल जेवेनासे झाले, बोलेनासे झाले, "माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले" असे म्हणू लागले, तर अभ्यास बाजूला ठेवा. ते वाक्य हलक्यात घेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते. नंबर फोनमध्ये आजच सेव्ह करा. दूरच्या होस्टेलवरच्या मुलाच्या चेहऱ्यावरचा बदल तुम्हाला दिसत नाही. घरी असलेल्या मुलाचा दिसतो. गावात ठेवण्याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे.

तुमचे आक्षेप

"घरी मुले मोबाइल बघतात." बघतात. होस्टेलवरही बघतात, तिथे तुम्हाला दिसत नाही इतकेच. अभ्यासाच्या वेळी घरातले सगळे फोन एका डब्यात ठेवा, तुमचाही.

"घरात जागा नाही, पाहुणे, टीव्ही." ही खरी अडचण आहे. वाचनालय, शाळेची खोली, शेजाऱ्यांची रिकामी माडी शोधा. क्लासच्या फीच्या मानाने हे काहीच नाही.

"फिजिक्स, केमिस्ट्रीचे काय?" तिथे मदत घ्या. गणिते अडली की कुणीतरी दाखवणारे लागते. कॉलेजच्या सरांना विचारा, गावात शिकवणारे असतील तर त्यांच्याकडे जा. फक्त दोन विषयांच्या गरजेसाठी तिसरा विषय आणि आख्खे मूल बांधून देऊ नका.

"पण काही मुलांना क्लासचा फायदा होतोच ना?" होतो. काही मुलांना स्पर्धा मानवते, काहींच्या घरी वातावरणच नसते. मी क्लासवाल्यांना चोर म्हणत नाही. त्यांच्यात मन लावून शिकवणारे खूप आहेत. माझा राग आहे तो भीती विकण्यावर, "इथे आला नाहीत तर संपलात" या वाक्यावर. ज्या जिल्ह्यात १९१९ साली काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, जिथे मुलांनी अंगमेहनत करून शिक्षण घेतले, त्या जिल्ह्यात आज आपण म्हणतो की पोरगं पैसे भरल्याशिवाय पुस्तक वाचू शकत नाही. याची थोडी लाज वाटायला हवी.

फी भरण्यापूर्वी पंधरा दिवस

म्हणून माझी एकच विनंती आहे. पहिला हप्ता भरण्याआधी पंधरा दिवस थांबा आणि एक प्रयोग करा. रक्ताभिसरणाचे प्रकरण घ्या. वर सांगितले तसे मुलाला रोज दीड तास स्वतः वाचू द्या, लिहू द्या, चुकू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका. पंधराव्या दिवशी त्याला कोरा कागद द्या. हृदय काढायला सांगा, लब आणि डब हे दोन आवाज कोणत्या झडपा मिटल्यामुळे येतात ते तुम्हाला मराठीत समजावायला सांगा.

जमले, तर तुमचे बरेच पैसे वाचले. नाही जमले, तर का नाही जमले ते शोधा. इंग्रजी अडले, फोन आडवा आला, जागा नव्हती, की मुलाला हा विषयच नको आहे? शेवटचे उत्तर आले तर तेही वेळीच कळलेले बरे.

ती मुलगी परत होस्टेलवर गेली नाही. फिजिक्ससाठी गावातल्या एका सरांकडे जाते, बायॉलॉजी घरी करते, रात्री साडेदहाला झोपते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झाले. मागच्या आठवड्यात ती आजीला घेऊन आली होती. मी आजींचे बीपी मोजत होतो, तर हीच शेजारी बसून वरचा आकडा कशाचा आणि खालचा कशाचा ते आजीला सांगत होती. एके ठिकाणी चुकली, मी सांगण्याआधी स्वतःच थांबली आणि दुरुस्त केले.

येत्या मे महिन्यात ती पुन्हा परीक्षा देईल. साताऱ्याचे सरकारी मेडिकल कॉलेज मिळेल, मिरजेचे मिळेल, नर्सिंगला जाईल की बीएस्सी करेल, मला ठाऊक नाही. तिच्या आईने मात्र परवा विचारले, "डॉक्टर, धाकटा दहावीला हाय. त्याचं पन घरीच करायचं ना?"

मी म्हटले, "वहिनी, आधी त्याला विचारा."